उन्हाळ्यात सुतारकामाची शेड थंड कशी ठेवाल?

(उन्हाळी शेतकरी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



रब्बीची मळणी आटोपली की शेतात काम कमी आणि घरी काम जास्त असे दिवस येतात. वखराचे खोड बदलायचे असते, तिफणीचे नळे नीट बसवायचे असतात, डवऱ्याची दांडी, रुमणे, बैलगाडीची साटी, गोठ्याचे दार अशी दुरुस्तीची यादी मोठी असते. पूर्वी ही कामे गावचे सुतार बलुत्यावर करून देत. आता बऱ्याच गावांत ती सोय राहिलेली नाही. त्यामुळे अनेक शेतकऱ्यांनी घराशेजारी किंवा मळ्यात एक लहानशी शेड उभारून करवत, रंधा, पटाशी आणि एखादे विजेवरचे यंत्र ठेवले आहे. काही तरुणांनी तर हाच जोडधंदा केला आहे. ही चांगली गोष्ट आहे.

अडचण एकच आहे. ही सगळी कामे एप्रिल-मे महिन्यांत येतात आणि शेड असते पत्र्याची. मृगाच्या आधी अवजार तयार पाहिजे म्हणून माणूस भर दुपारीही आत राबतो. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात पारा ४२ ते ४५ अंशांवर जाणे नवीन नाही. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. हे तापमान सावलीतले असते. पत्र्याखाली उभ्या असलेल्या माणसाला त्याहून अधिक ताप सोसावा लागतो. यात दोन प्रकारचे नुकसान होते. पहिले माणसाचे, आणि ते कधी कधी जिवावर बेतते. दुसरे लाकडाचे. म्हणून शेड थंड ठेवणे ही चैन नसून शेतीकामाच्या तयारीचाच भाग आहे, असे समजावे.

उष्णता कोठून येते?

उपाय करण्यापूर्वी कारण पाहावे. शेडमध्ये उष्णता तीन वाटांनी येते: छपरातून, भिंती व दारांतून येणाऱ्या झळांतून, आणि आतल्या यंत्रांतून. यांत छपराचा वाटा सर्वात मोठा असतो. स्वच्छ आकाश असताना भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे एक किलोवॅट इतकी उष्णता सूर्याकडून पडते. बारा फूट रुंद आणि वीस फूट लांब शेडचे छप्पर साधारण बावीस चौरस मीटर भरते. म्हणजे एक किलोवॅटच्या वीस-बावीस शेगड्या डोक्यावर पेटवाव्यात तसा हा प्रकार आहे. गंजलेला, काळपट पत्रा यातली बरीच उष्णता शोषून घेतो आणि ६० ते ७० अंशांपर्यंत तापतो. नवा चकचकीत पत्रा ऊन परतवतो हे खरे, पण जी उष्णता त्यात शिरते ती तो लवकर बाहेर टाकत नाही. त्यामुळे तोही हात लावू देत नाही.

आपल्या शेडमध्ये दोष छपराचा आहे की हवेचा, हे ओळखण्याची सोपी रीत आहे. दुपारी दोन वाजता आत उभे राहा आणि डोक्यावर एक सूप किंवा पुठ्ठा आडवा धरा. डोक्याला व खांद्यांना लगेच आराम वाटला, तर त्रास तापलेल्या पत्र्याच्या धगीचा आहे. अशा ठिकाणी नुसता पंखा लावून भागत नाही. आधी छप्पर सुधारावे लागते.

छपरावरचे उपाय

१) छप्पर पांढरे करणे: हा सर्वात स्वस्त आणि पहिला उपाय आहे. चांगला पांढरा थर पडणाऱ्या उन्हाचा मोठा भाग परत पाठवतो. अहमदाबाद महानगरपालिकेने २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडा तयार केला आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. तेलंगणा राज्याने २०२३ मध्ये थंड छपरांसाठी स्वतंत्र धोरणच जाहीर केले. आपल्याला मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. होळी झाली की हे काम उरकून घ्यावे.

सिमेंटचे पत्रे आणि स्लॅब यांना चुना चालतो. चुना आदल्या दिवशी भिजवून, गाळून, त्यात थोडा डिंक किंवा सुतारकामाचा पांढरा गोंद मिसळावा, म्हणजे तो लवकर निघत नाही. दोन हात द्यावेत. नव्या जस्ताच्या पत्र्यावर मात्र ओला चुना जस्ताला लागतो. तेथे योग्य प्रायमर लावून बाहेरच्या कामाचा पांढरा रंग द्यावा. काही जण चुन्यात मीठ घालतात, पण पत्र्यावर ते टाळावे, कारण मिठाने गंज वाढतो. चुना एका पावसाळ्यात धुपतो, म्हणून तो दरवर्षी द्यावा लागतो. धूळ साचून पांढरे छप्पर मळले की त्याचा गुण कमी होतो, तेव्हा महिन्यातून एकदा झाडून घ्यावे.

येथे दोन सूचना आहेत. छपरावर नेहमी सकाळी चढावे आणि पत्र्यावर थेट पाय न देता खालच्या वाशांवर येईल अशी फळी टाकून तिच्यावरून चालावे. सिमेंटचा जुना पत्रा पायाखाली अचानक फुटतो. शिवाय अशा जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असते. तो घासू नये, कोरडा कापू नये, त्याला भोके पाडू नयेत. त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

२) आतून दुसरे छत: बांबूच्या तट्ट्या पत्र्याखाली साधारण वीतभर अंतर सोडून बांधाव्यात. तट्ट्यांना खालून-वरून पांढरी माती व शेण यांचा गिलावा द्यावा. यामुळे पत्र्याची धग खाली येत नाही, आणि गिलाव्यामुळे तट्टी सहज पेटत नाही. मधल्या पोकळीची दोन्ही टोके उघडी ठेवावीत. ती बंद केल्यास तापलेली हवा तेथेच कोंडते आणि उपयोग निम्मा होतो. उंदीर-साप शिरू नयेत म्हणून टोकांना जाळी लावावी.

३) छपरावर सावली: भाजीपाला आणि रोपवाटिका करणाऱ्या बंधूंकडे हिरवी शेडनेट असतेच. ती छपरापासून किमान एक फूट उंच ताणून बांधावी. पत्र्यावर नुसती अंथरली तर तिची उष्णता पत्र्यालाच मिळते. पाण्याची सोय असेल तर दोडका, गिलके किंवा दुधीचा वेल मांडवावर चढवावा. त्यासाठी लागवड जानेवारीतच हवी, म्हणजे एप्रिलपर्यंत पानांची सावली मिळते. कायमची सोय म्हणून पश्चिमेला शेवगा लावावा आणि थोड्या अंतरावर कडुनिंब. दुपारनंतरचे तिरके ऊन पश्चिमेच्या भिंतीला जास्त तापवते, हे लक्षात ठेवावे.

४) पाचट, गवत, कडबा: छपरावर याचा थर टाकला तर शेड नक्कीच थंड राहते. पण सुतारकामाच्या जागी भुसा, ढलप्या, रंग आणि विजेची यंत्रे असतात. एक ठिणगी पुरेशी होते. म्हणून शेड चुलीपासून, वेल्डिंगच्या जागेपासून आणि विजेच्या तारांपासून दूर असेल तरच हा उपाय करावा, अन्यथा वरच्या तीन उपायांपैकी एक निवडावा.

ज्यांच्याकडे जुने माळवदाचे किंवा धाब्याचे घर आहे, त्यांनी एखादी खोली हातकामासाठी वापरून पाहावी. जाड मातीच्या छपरातून दिवसाची उष्णता आत पोहोचेपर्यंत रात्र होते. त्यामुळे दुपारी ती खोली पत्र्याच्या शेडपेक्षा कितीतरी सुसह्य असते.

हवा कशी खेळवावी?

गरम हवा वर जाते. तिला आढ्याजवळ वाट हवी. दोन्ही पाख्यांच्या मध्ये आढ्याखाली चार-सहा इंचांची फट ठेवून वर पावसाची टोपी बसवावी. खालच्या बाजूस उत्तरेला किंवा पूर्वेला सावलीतली हवा येईल अशा जमिनीलगतच्या खिडक्या ठेवाव्यात. खालून आत आणि वरून बाहेर, असा हवेचा प्रवाह आपोआप चालू राहतो.

दारे-खिडक्या कधी उघडाव्यात, हे भिंतींवर अवलंबून आहे. विटा, दगड किंवा मातीच्या जाड भिंती असतील तर रात्रभर सर्व उघडे ठेवावे, म्हणजे भिंती निवतात. सकाळी दहाच्या सुमारास झळांच्या बाजूची दारे-खिडक्या बंद करून संध्याकाळी पुन्हा उघडाव्यात. पत्र्याच्या भिंतींत मात्र रात्रीचा गारवा साठत नाही. तेथे बंद करून काही मिळत नाही. अशा शेडला सावली करावी आणि वारा आरपार जाऊ द्यावा.

पंख्याविषयी एक गैरसमज आहे. हवा ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंगावर गरम वाराच ढकलतो आणि शरीरातले पाणी झपाट्याने कमी करतो. अशा वेळी मानेवर ओला रुमाल ठेवावा, अंगातला सदरा भिजवावा आणि मग पंख्यासमोर बसावे. पंखा नेहमी पाठीमागे ठेवावा, म्हणजे भुसा तोंडावर न येता दाराकडे जातो.

ताट्या आणि कूलर

वाळ्याची किंवा गोणपाटाची ओली ताटी हा आपल्याकडचा जुना उपाय आहे. त्यामागचे कारण सोपे आहे. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेते. विजेच्या हिशेबात ही उष्णता जवळजवळ दोन-तृतीयांश युनिटाइतकी होते. बाहेर ४४ अंश तापमान आणि हवा अगदी कोरडी असेल, तर चांगला कूलर आतली हवा ३० अंशांच्या आसपास आणू शकतो. कोकणात आणि गोव्यात मात्र हवेतच दमटपणा असल्याने कूलरचा गुण येत नाही. तेथे सावली, उंच छप्पर आणि खेळता वारा यांवरच भर द्यावा.

कूलर वापरताना पुढील काळजी घ्यावी:

अ) शेड बंद करून कूलर लावू नये. आत आलेल्या हवेला समोरून बाहेर जाण्यास वाट ठेवावी, नाहीतर दमटपणा वाढून घाम वाळत नाही.

आ) कूलरची हवा माणसावर यावी, लाकडाच्या थप्पीवर आणि अवजारांवर नको. ओल्या हवेने रंध्याच्या पात्याला व करवतीला गंज चढतो. काम संपल्यावर ती पुसून तेलाचे बोट फिरवावे.

इ) कूलरला अर्थिंग नीट असावे आणि वायरिंगला गळती-विद्युत तोडणारे स्विच बसवावे. प्लग काढल्याशिवाय पाणी भरू नये, ओल्या हाताने किंवा ओल्या जमिनीवर उभे राहून यंत्राला हात लावू नये. कूलरच्या धक्क्याने उन्हाळ्यात माणसे दगावतात.

ई) पाण्याची टंचाई असेल तेथे कूलरपेक्षा सावली व पांढरे छप्पर यांनाच अग्रक्रम द्यावा. पिण्याचे आणि जनावरांचे पाणी आधी.

लाकडाची काळजी

उन्हाळ्यातील कोरड्या झळा लाकडाला माणसाइतक्याच मारक आहेत. ओंडक्याचे किंवा फळीचे टोक मधल्या भागापेक्षा फार लवकर वाळते, ते आकसते आणि चिरा पडतात. चांगल्या बाभळीचे खोड असे एका आठवड्यात वाया जाते. यासाठी लाकूड कापल्याबरोबर दोन्ही टोकांना डांबर, जुना ऑईल पेंट किंवा मेण लावावे. थप्पी सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच, दीड-दोन फुटांवर ठोकळे देऊन रचावी. प्रत्येक थरात एक इंची पट्ट्या एकाखाली एक येतील अशा ठेवाव्यात. झळा लागतील त्या बाजूस गोणपाटाचा आडोसा करावा.

लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. लांबीत हा फरक जवळजवळ नसतो, रुंदीत असतो. सागाची वीस सेंटिमीटर रुंदीची फळी मे महिन्यातल्या कोरड्या स्थितीतून भर पावसाळ्यात गेली, तर तीन मिलिमीटरच्या आसपास फुगू शकते. दोन-तीन फळ्यांच्या दाराचा हिशेब आपणच करावा. म्हणून मे महिन्यात दार, खिडकी, पेटी करताना फुगण्यास जागा ठेवावी, नाहीतर आषाढात दार लागत नाही. औताच्या खाचा मात्र कोरड्या लाकडात घट्ट बसवल्या तर पावसात त्या आणखी पकड घेतात. गाडीच्या चाकाची धाव उन्हाळ्यात ढिली झाली, तर लगेच लोखंड कापण्याची घाई करू नये. चाक सावलीत घेऊन पाण्यात भिजवावे आणि मग पाहावे.

पांढरा गोंद तापलेल्या हवेत लवकर साय धरतो आणि सांधा कच्चा राहतो. जोडकाम सकाळी करावे आणि गोंद थोडा थोडा काढावा. रंग, स्पिरिट, टर्पेंटाईन यांचे डबे झाकण लावून सावलीत, शक्यतो शेडबाहेर ठेवावेत. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. अशा चिंध्या बाहेर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात. भुसा रोज संध्याकाळी काढावा. शेडमध्ये विडी-काडी बंद ठेवावी. दाराजवळ वाळूच्या दोन व पाण्याच्या दोन बादल्या कायम भरलेल्या असाव्यात. पाणी विजेच्या यंत्रावर टाकू नये, तेथे मेन स्विच बंद करून वाळू वापरावी.

माणूस आधी

शेड कितीही सुधारली तरी कामाची वेळ बदलण्यासारखा उपाय नाही. सकाळी सहा ते साडेदहा आणि संध्याकाळी पाचनंतर काम करावे. करवत-यंत्राचे आणि वाकसाचे काम सकाळीच उरकावे. उन्हाने थकलेल्या माणसाचा हात घामाने निसटतो, लक्ष उडते आणि बोट जाते. दुपारी काम करणे भागच असेल तर मापे घेणे, कानस लावणे अशी बसून करण्याची कामे ठेवावीत. उन्हाची सवय होण्यास शरीराला एक-दोन आठवडे लागतात. शहरातून सुट्टीला आलेल्या मुलाला किंवा नव्या मदतनिसाला पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ राबवू नये.

तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी घ्यावे. मधूनमधून ताक, पन्हे किंवा लिंबू-मीठ-साखरेचे सरबत घ्यावे. घाम फार गेल्यास एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ मिसळून घ्यावे. चमचा चहाचा असावा. रक्तदाब, मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे, चक्कर ही धोक्याची पहिली सूचना आहे. काम तेथेच थांबवून सावलीत आडवे व्हावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखे तापले किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरी उष्माघात नाही असे मानू नये. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये. कपडे सैल करावेत, अंगभर पाणी ओतावे, जोरात वारा घालावा, मान, काखा आणि जांघांत ओली फडकी ठेवावीत. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. या वेळी शरीर लवकर थंड करणे हाच जीव वाचवण्याचा मार्ग आहे. एकट्याने दुपारी शेडमध्ये काम करू नये, हेही यासाठीच सांगतो. घरातल्या माणसाने तासाला एकदा हाक देऊन पाहावे.

सुरुवात कोठून करावी?

सर्व उपाय एकाच वर्षी करणे शक्य नसते. या वर्षी छप्पर पांढरे करा, आढ्याजवळ फट ठेवा आणि कामाच्या वेळा बदला. यास फारसा खर्च नाही. पुढच्या वर्षी तट्ट्यांचे छत किंवा शेडनेटची सावली करा. आणि या पावसाळ्यातच पश्चिमेला शेवगा, कडुनिंब लावून टाका. नवी शेड बांधणार असाल तर तिची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे पश्चिमेची भिंत आखूड राहते आणि तिरके ऊन कमी लागते. छप्पर उंच घ्या आणि वळचण दोन-तीन फूट पुढे काढा.

एक साधा तापमापक विकत घेऊन शेडमध्ये माणसाच्या डोक्याच्या उंचीवर टांगा. उपाय करण्याआधी आठ दिवस आणि नंतर आठ दिवस दुपारी दोनचा आकडा वहीत लिहा. बाहेर सावलीतला आकडाही शेजारी लिहा. कोणता उपाय आपल्या शेडला लागू पडला, हे त्या वहीतून कळेल आणि शेजाऱ्यालाही सांगता येईल.

औत मृगाला तयार पाहिजे हे खरे. पण ते धरणारा हात त्याहून आधी धडधाकट पाहिजे, एवढे लक्षात ठेवून कामाला लागा.